साठ लाख अक्षरांतल्या चुका

अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या सरकारी संस्थेचं संशोधन-रुग्णालय आहे. जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून तिथे एका बाईंना हलवलं. त्यांच्या अंगात क्लेब्सिएला न्यूमोनी हा जीवाणू होता आणि तो भलताच चिवट होता. कार्बापेनेम म्हणजे डॉक्टरांनी अगदी अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली अँटिबायोटिक्स. ती फोडणारं एन्झाइम हा पठ्ठ्या स्वतःच बनवत होता. रुग्णालयाला याची आधीच कल्पना होती. त्यामुळे वेगळी खोली, गाऊन, हातमोजे, सगळा कडेकोट बंदोबस्त झाला. १५ जुलैला बाई घरी गेल्या. सुटलो, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तसाच जीवाणू सापडला. मग तिसऱ्यात, चौथ्यात. तो बाईंकडूनच आला, की बाहेरून? नेहमीच्या चाचण्यांना हे सगळे सारखेच दिसत.

तेव्हा संशोधकांनी प्रत्येक जीवाणूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतला सगळा मजकूर, वाचला. सुमारे ६० लाख अक्षरं! पेशी दुभंगताना हा मजकूर उतरवला जातो आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. पुढच्या पिढ्या ती चूक इमानेइतबारे गिरवतात. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक समान चुकांवरून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली ते सांगतात ना, अगदी तसंच! बाईंच्या शरीरात वेगवेगळ्या जागी असलेल्या जीवाणूंतही मोजक्या अक्षरांचा फरक निघाला. त्यावरून कळलं, की त्यांच्याकडून संसर्ग एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडला होता. साठ लाखांत चार-दोन अक्षरं, आणि त्यांतून एवढी चहाडी!

मधल्या तीन आठवड्यांत हा जीवाणू होता कुठे? काही रुग्णांच्या आतड्यात, कसलंही लक्षण न दाखवता. शिवाय तो बेसिनच्या ड्रेनमध्ये सापडला आणि साफ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं: ज्या यंत्रावर श्वास अवलंबून, त्याच्यावरच हा मुक्काम ठोकून. शेवटचा आधार म्हणजे कोलिस्टिन, मूत्रपिंडाला जाचणारं जुनं औषध. काही रुग्णांत तेही निकामी ठरलं.

मग बाधितांसाठी भिंत घालून वेगळा कक्ष केला, खोल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली, ड्रेनचे पाइप काढून टाकले. कर्मचारी हात धुतात की नाही, हे बघायला चक्क माणसं नेमली. वर्ष संपता संपता साथ आटोक्यात आली. एकूण १८ रुग्णांना लागण झाली, ११ जण दगावले. त्यांतले सहा मृत्यू याच जीवाणूमुळे झाले.

आयसीयूत कुणाला भेटायला गेलात आणि दारातच सिस्टरनं हात चोळायला लावले, तर कुरकुर करू नका. नीट चोळा, आणि बाहेर पडतानाही.