कॉफी गरम, पण यंत्र बिघडलेले

तुळशीचे लग्न झाले की कसाऱ्याच्या आसपासच्या गावांत लग्नाचे मांडव उभे राहू लागतात आणि मांडववाल्यांच्या गोदामांतून एस्प्रेसो कॉफीची यंत्रे बाहेर निघतात. अशाच एका लग्नात आम्ही कॉफीसाठी रांगेत उभे होतो. पुढच्या गृहस्थांनी यंत्राला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "झिणझिण्या आल्या!" यंत्र चालवणारा मुलगा म्हणाला, "काका, पाणी तर मस्त तापतंय. मशीन चांगलं आहे." आम्ही यंत्र बंद करायला लावले. पाणी तापत असूनही ते बिघडलेले कसे, हे पाहू या.

मिलानच्या लुइजी बेझेरा यांच्या १९०१ सालच्या यंत्रात वाफेच्या दाबाने गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकलले जाई. आपल्या लग्नातली 'एस्प्रेसो' म्हणजे वाफेने फेस आणलेली दुधाची कॉफी. दोन्हीकडे बंद टाकीत पाणी उकळावे लागते. विजेच्या यंत्रात हे काम एलिमेंट करतो.

एलिमेंटच्या पोटात नायक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची, वेटोळी तार असते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरतात. बाहेर धातूची नळी असते. भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओल शोषून घेते. घाटाच्या पायथ्याशी पावसाळाभर पडून राहिलेल्या यंत्रात नळीच्या टोकांकडून ओल शिरते. मग थोडी वीज नळीत व तिथून यंत्राच्या अंगात येते. तार शाबूत असल्याने पाणी मात्र तापतच राहते.

मग फ्यूज का उडत नाही? २३० व्होल्टवर २००० वॅटचा एलिमेंट २००० ÷ २३० = सुमारे ८.७ अँपियर वीज घेतो. त्यासाठी १५ अँपियरचा फ्यूज असतो. शरीरातून ०.०३ अँपियर गेली तरी जिवावर बेतू शकते. फ्यूजचा आकडा त्याच्या ५०० पट आहे! म्हणून अर्थिंग हवे, आणि गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही. त्या मांडवातल्या प्लगला तिसरी पिनच नव्हती.

तपासणी यंत्राचा प्लग काढून, टाकी थंड झाल्यावर आणि दाब पूर्ण उतरल्यावरच करावी. एलिमेंटच्या तारा सोडवून दोन टोकांमध्ये मल्टीमीटर लावा. २००० वॅटसाठी रोध २३० ÷ ८.७, म्हणजे सुमारे २६ ओहम यायला हवा. अनंत आला तर तार तुटली आहे. मग एक टोक व धातूची नळी यांच्यातला रोध मोजा. मल्टीमीटरच्या छोट्या बॅटरीला बारीक गळती कळेलच असे नाही. म्हणून वायरमन ५०० व्होल्टचा मेगर लावतात. रोध १ मेगओहमपेक्षा कमी भरला, तर तो एलिमेंट वापरू नये. कधी कधी तो सुकवल्यावर रोध वाढतो. न वाढल्यास बदलावा.

बदलणे हे जाणत्या कारागिराचे काम. नवा एलिमेंट तेवढ्याच व्होल्टचा, वॅटचा व मापाचा हवा. वॉशरही नवा घालावा, टाकीतला क्षारांचा पांढरा थर काढावा, अर्थिंगची तार घट्ट जोडावी. कोरड्या टाकीत एलिमेंट जळतो, म्हणून आधी पाणी भरून गळती पाहावी, पुन्हा मेगर लावावा आणि मगच वीज सुरू करावी. वाफेचा सुरक्षा-व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये.

वर्गात जुन्या इस्त्रीचा सुटा एलिमेंट आणा. त्यावरचे वॅट वाचून मुलांना आधी रोध काढू द्या, नंतर मल्टीमीटरने मोजू द्या. दोन्ही आकडे जुळले तरी तो एलिमेंट सुरक्षित म्हणता येईल का, हे त्यांना विचारा.