वादळ कुठवर आलंय, हे नेमकं कसं सांगायचं?

निवृत्तीनंतर मी चंदीगडला राहतो. इथे मार्च ते जून या महिन्यांत एक प्रश्न रोज कानावर पडतो : "आंधी कहाँ तक पहुँची?" आजचा भाग त्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे.

सेक्टर १७ म्हणजे या शहराचा मुख्य बाजार. मधला चौक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. भोवती काँक्रीटच्या इमारती, त्यांचे रुंद व्हरांडे, जवळच परेड ग्राउंड. संध्याकाळी इथे खूप माणसं उघड्यावर असतात. पश्चिमेचं आकाश मातकट व्हायला लागलं की सगळ्यांचे हात फोनकडे जातात आणि संदेश सुरू होतात : "निघा, येतंय", "मोठं आहे", "टोर्नेडो आहे म्हणे". यातल्या कुठल्या संदेशावर माणसाने हलायचं?

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण मराठीत आपण सगळ्यालाच चक्रीवादळ म्हणतो. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि काही दिवस टिकतं. आपली उन्हाळ्यातली वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. वर ढग असावाच लागतो असं नाही. उत्तरेतली आंधी म्हणजे गडगडाटी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा. ती जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि धुळीची भिंत ढकलत आणते. टोर्नेडो या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो मोठ्या ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत आलेला फिरता खांब असतो. त्याची रुंदी बहुतेक वेळा काही मीटर ते काही शे मीटर आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचं.

हे आपल्याकडे होतं का? क्वचित, पण होतं. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत टोर्नेडो आला होता. जेमतेम दोन-तीन मिनिटांत २८ माणसं गेली आणि सुमारे ७०० जखमी झाली. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबच्या फाजिल्का जिल्ह्यात बकैनवाला गावावरून असाच खांब गेला. सुमारे ५० घरांचं नुकसान झालं, किन्नूच्या बागा आडव्या झाल्या, डझनभर माणसं जखमी झाली. गावकऱ्यांनी तो मोबाइलवर टिपला, म्हणून देशाने पाहिला.

दोन्ही घटना मार्चमधल्या आहेत, हे लक्षात घ्या. त्या दिवसांत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या हवेच्या प्रणाली, उत्तर भारतावरून जात असतात. वर थंड हवा आणि जोरदार वारे, खाली तापू लागलेली दमट हवा. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि वेग बदलला की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारा प्रवाह तिला उभी करतो आणि ढगच फिरू लागतो. अशा प्रत्येक ढगातून टोर्नेडो येत नाही, पण मोठा टोर्नेडो बहुधा अशाच ढगातून येतो. मे-जूनमध्ये मात्र इथे मुख्य धोका आंधीचाच. तिला कमी लेखू नका. २ मे २०१८ च्या रात्री उत्तर प्रदेश आणि राजस्थानात धुळीच्या व गडगडाटी वादळांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

आता यंत्रणा काय पाहते ते बघू. चंदीगडपासून साठेक किलोमीटरवर पतियाळाला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. ढग कुठे आहे, किती दाट आहे आणि आतला वारा रडारकडे येतोय की दूर जातोय, हे त्याला कळतं. यावरून जिल्ह्यासाठी पुढच्या तीनेक तासांचा तातडीचा अंदाज निघतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना ते देतं.

पण रडारलाही मर्यादा आहे. त्याचा सर्वांत खालचा किरण जमिनीशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करून निघतो, आणि पृथ्वी गोल आहे. साठ किलोमीटरवर तो किरण साधारण सव्वासातशे मीटर उंचीवर असतो, शंभर किलोमीटरवर जवळजवळ दीड किलोमीटर. त्याला ढग दिसतो, पण ढगाखाली जमिनीवर काय चाललंय ते दिसत नाही. ते दिसतं तिथे उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून शेवटची वीस मिनिटं शेजाऱ्यांची असतात.

फौजेत निरीक्षण चौकीवरच्या जवानाला पहिल्या दिवसापासून शिकवतात : काय वाटलं ते सांगू नकोस, काय दिसलं ते सांग. त्याच्या अहवालात पाच गोष्टी असतात. किती वाजता, मी कुठे आहे, कोणत्या दिशेला, काय दिसलं, कुठे सरकतंय. वादळालाही हाच साचा चालतो. "भयंकर आंधी, सांभाळा" या संदेशातून काहीच हाती लागत नाही. "५.४०, खरड बस स्टँड, धुळीची भिंत आत्ताच इथे पोचली, पूर्वेकडे जातेय" यातून गणित मांडता येतं. खरडहून सेक्टर १७ सरळ रेषेत तेरा-चौदा किलोमीटर. वादळ ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल तर सहा वाजता ते इथे. राजपुराकडून येत असेल तर अंतर चौतीसेक किलोमीटर, म्हणजे पन्नास मिनिटं. दोन गावांतून दोन वेळा आल्या की वेगही कळतो, अंदाज बांधावा लागत नाही.

वेळ आणि ठिकाण नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका. तो कुठल्या देशातला, कुठल्या वर्षातला, कोण जाणे. तीनदा खोटी हाक ऐकलेला माणूस चौथ्यांदा जागचा हलत नाही, आणि खरं संकट तेव्हाच येऊ शकतं.

पाहायचं काय? क्षितिजभर पसरलेली सरळ भिंत दिसली तर ती आंधी. ढगाचा एकच भाग खाली उतरलेला, तो गोल फिरतोय, त्याच्याखाली जमिनीवरून कचरा उडतोय आणि आगगाडीसारखी न थांबणारी घरघर येतेय, तर टोर्नेडो समजा. खांब डावी-उजवीकडे सरकत नाही, नुसता मोठा होत चाललाय असं दिसलं, तर तो तुमच्याकडेच येतोय. तेव्हा चित्रण करत उभं राहायचं नाही. विजेसाठी चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितके किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की छपराखाली जायचं.

सेक्टर १७ मध्ये असाल तर पक्क्या इमारतीत, तळमजल्यावर, आतल्या बाजूला जा. दुकानाच्या काचांपासून दूर राहा. नुसता व्हरांडा आंधीत धूळ आणि फांद्यांपासून थोडा आडोसा देईल, टोर्नेडोत नाही. रोझ गार्डनकडे जाणारा भुयारी मार्ग जवळ असला तरी आसरा म्हणून धरू नका. जोराचा पाऊस आला तर पाणी आत येऊ शकतं. फलक, पत्र्याचे मंडप आणि झाडं टाळा. चंदीगडची झाडं देखणी आहेत, पण जुनीही आहेत. ८ जुलै २०२२ रोजी सेक्टर ९ मधल्या एका शाळेत जुनाट पिंपळ कोसळला आणि एक विद्यार्थिनी दगावली. तिथे तर वादळही नव्हतं.

तुम्ही नागपूरला असा, इंदूरला किंवा बेळगावला, एक काम याच आठवड्यात करून ठेवा. तुमच्याकडे वळवाचं वादळ बहुधा कोणत्या दिशेने येतं ते जुन्या माणसांना विचारा. त्या दिशेला दहा, वीस आणि तीस किलोमीटरवर कोणती गावं आहेत ते कागदावर लिहा. प्रत्येक गावात एक ओळखीचा माणूस शोधा आणि त्याला पाच गोष्टींचा साचा सांगून ठेवा. खर्च शून्य आहे. हाती लागतील ती वीस मिनिटं, आणि तेवढ्यात अंगणातली पोरं आत येतात, गुरं सुटतात, म्हातारी माणसं खिडकीपासून उठतात.

नमस्कार. जय हिंद.