मालकी कंपनीची, नाव कोणाचे?

अमेरिकेतील अटारी कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या दूरचित्रवाणीवरील खेळाची आज्ञावली वॉरन रॉबिनेट या एकट्या गृहस्थाने लिहिली होती. १९८० च्या सुमारास तो खेळ बाजारात आला. पण कर्त्याचे नाव छापण्याची त्या कंपनीची पद्धत नव्हती. तेव्हा रॉबिनेटने कोणास न सांगता खेळात एक गुप्त दालन रचले आणि तेथे आपले नाव लिहून ठेवले. वेतन त्याला मिळाले होते, मालकीबद्दलही वाद नव्हता. तरीही स्वतःच्या कृतीवरील स्वतःचे नाव त्याला चोरट्या मालासारखे दडवावे लागले!

मालकी आणि कर्तृत्व या दोन निराळ्या गोष्टी होत, हे आपल्या कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, निराळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. परंतु सत्तावन्नावे कलम सांगते की, हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकापाशी राहतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत झाली, तेव्हा हे कलम तिलाही लागू पडते. ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात नामनिर्देशाच्या हक्कातून आज्ञावली वगळली. अमेरिकेत तर नोकराच्या कृतीचा लेखक मालकच मानला जातो. या बाबतीत आपला कायदा अधिक उदार आहे.

व्यवहार मात्र उदार नाही. हा हक्क सोडून दिल्याचे एक वाक्य नोकरीच्या करारात पुष्कळदा असते आणि उमेदवार त्याखाली मुकाट्याने सही करतो. पुण्यातील एखादा तरुण पाच वर्षे राबून नव्या नोकरीसाठी मुलाखतीला जातो, तेव्हा त्याच्यापाशी दाखविण्याजोगे काय असते? लिहिलेले सारे कंपनीचे, म्हणून ते दाखविता येत नाही. आणि त्यावर त्याचे नावही नाही. मसुदा लिपिकाने करावा व सही साहेबांची व्हावी, हे कचेरीत चालते, कारण तेथे सहीबरोबर जबाबदारीही जाते. येथे तसेही समर्थन नाही.

याच्या उलट, मुक्त परवान्यांच्या जगात मोबदला सोडला जातो, पण नाव सहसा सोडले जात नाही. रॉबर्ट जेकबसन या पदार्थवैज्ञानिकाने खेळण्यातील आगगाड्यांसाठीची आज्ञावली सर्वांना विनामूल्य दिली होती. एका व्यावसायिकाने तिच्यातील काही भाग कर्त्यांची नावे गाळून आपल्या उत्पादनात वापरला. जे फुकटच दिले त्याच्यासाठी भांडण कसले, असे वरकरणी वाटेल. परंतु २००८ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने निर्णय दिला की, नामनिर्देशासारख्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचाच भंग ठरू शकतो.

नावांची यादी फार लांबते, हा आक्षेप खरा आहे. बर्कले विद्यापीठाच्या परवान्यात प्रत्येक जाहिरातीत श्रेय देण्याची अट होती. तिचे अनुकरण इतके झाले की, १९९७ मध्ये एकाच प्रणालीत अशी ७५ वाक्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मोजली. १९९९ मध्ये विद्यापीठाने ती अट काढून टाकली. मात्र गेली ती जाहिरातीपुरती सक्ती. मूळ संहितेतील हक्कनिर्देश कायम राहिला. आपल्या कंपन्यांनीही जाहिरातीत कोणाचे नाव छापू नये. प्रत्येक आज्ञावलीसोबत कर्त्यांच्या नावांची एक नोंद जोडावी, आणि नोकरी सोडून गेलेल्याचे नाव तीतून खोडू नये.