एका तर्जनीची किंमत

दसऱ्याला कारखान्यात यंत्राची पूजा होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढे. मालक आणि कामगार एका ओळीत हात जोडून उभे. यंत्राने माणसाला जपावे, अशी प्रार्थनाही कुणी मनात करीत असेल. पण यंत्राला ती ऐकू येत नाही, म्हणून कायदा करावा लागला. आपल्याकडे तो १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अपघात कामावर असताना आणि कामातूनच झाला असेल, तर भरपाई मालकाने द्यावी, हे त्याचे सार.

मराठी शिकवणाऱ्या माणसाचा या कायद्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आला तो अर्जामुळे. मराठीचा मास्तर म्हणजे फुकटचा लेखनिक, अशी आपल्याकडे समजूत आहे. लग्नपत्रिकेपासून शोकसभेच्या ठरावापर्यंत सारे त्याच्या दारी येते. २०२२ साली असाच एक माजी विद्यार्थी आईला घेऊन आला. वय २५, पगार १२,००० रुपये. पिंपरी-चिंचवडकडच्या सात माणसांच्या एका छोट्या कारखान्यात तो पॉवर प्रेसवर काम करी. काम भरभर उरकावे म्हणून प्रेसचे संरक्षक कवच मालकानेच काढून ठेवले होते. पोराची उजवी तर्जनी मुळापासून गेली होती.

डाव्या हातात एक कागद होता. अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला, २५,००० रुपये मिळाले, यापुढे माझी काही तक्रार नाही, असा त्यातला मजकूर. फक्त सही व्हायची होती.

"सर, मालक देवमाणूस आहे हो," आई म्हणाली. "दवाखान्यात रात्रभर बसून होता. सही केली तर नोकरी तरी राहील."

मालक रात्रभर बसला होता, हे खरे होते. कागद त्यानेच लिहून आणला होता, हेही खरे होते.

मी दोघांना ओळखीच्या एका वकीलबाईंकडे नेले. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला. "सर, 'निष्काळजीपणा' या शब्दाला हा कायदा भीत नाही," त्या म्हणाल्या. कामगार दारू प्यालेला असेल, सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा संरक्षक साधन स्वतः मुद्दाम काढले असेल, तरच मालकाला सुटका. त्यातही मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तीही सबब चालत नसे. शिवाय हक्क सोडून देण्याचा असला करार कायद्याने मुळातच रद्दबातल होता. निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून यांतला फरक मी वर्गात शब्दार्थ म्हणून शिकवीत आलो. त्यावर एका घराचे भवितव्य तोललेले त्या दिवशी पाहिले.

मग हिशेब झाला. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. पंचविशीच्या माणसासाठी कायद्याच्या कोष्टकातला गुणक २१६.९१. गुणाकार १५,६१,७५२ रुपये. ही झाली कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची शक्ती १४ टक्के घटली, असे परिशिष्ट सांगते. म्हणजे २,१८,६४५ रुपये, आणि उपचाराचा खर्च वेगळा. आईने तो आकडा दोनदा वाचून घेतला.

अर्ज लिहायला बसलो. पोराने तीन पाने भरून वेदना लिहिली होती. वकीलबाईंना हवे होते दुसरेच: तारीख, वेळ, कोणते यंत्र, काम कुणी सांगितले, पगार किती, मालकाला खबर केव्हा दिली. तारीख नसलेल्या दुःखाची कचेरीत नोंद होत नाही. आधी मालकाला नोटीस गेली, मग आयुक्तांकडे दावा. मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती. महिन्याच्या आत पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही.

नोकरी गेलीच. मालक म्हणाला, "पोर कृतघ्न निघाले." सोळा महिने तारखा पडल्या आणि व्याजासह रक्कम हाती आली. कर्ज फिटले. आता तो दुसऱ्या कारखान्यात तयार मालाची मापे तपासतो. मालकाने कामगारांचा विमा उतरवला असता, तर दोघांचेही मनस्ताप वाचले असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. दाव्यापूर्वी नवे नियम विचारून घ्यावेत. कारखाना राज्य विमा योजनेत असेल, तर मालकावर दावा न करता तिकडेच जावे लागते. परंतु कामावरच्या अपघाताचा भार मालकाने उचलावा, हे तत्त्व कायम आहे.

तेव्हा, वाचकहो, आपल्या ओळखीत कुणावर असा प्रसंग आला, तर एवढे करा. दवाखान्याचे कागद, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पुरावा जपा. सोबत्यांची नावे लिहून ठेवा. मालकाला खबर लेखी द्या आणि पोच घ्या. आणि कुणी सहीसाठी कागद पुढे केला, तर तो जाणत्या माणसाकडून वाचून घेईपर्यंत पेन खिशातच राहू द्या.