टायर एका बाजूनेच झिजतोय? अलाइनमेंटला पैसे देण्याआधी हे तपासा

फोपनार (जि. बऱ्हाणपूर) : केळीची कापणी सुरू झाली की पिकअप आणि ट्रॅक्टर शेतरस्त्याने निघतात, डांबरी रस्ता गाठतात आणि बऱ्हाणपूर किंवा रावेरकडे धावतात. माल नाशवंत, म्हणून गाडी थांबवायला कुणाला वेळ नसतो. मग एक दिवस चाकाकडे लक्ष जातं. बाहेरची नक्षी शाबूत, पण आतली कड गुळगुळीत, कुठे तर तारा उघड्या पडलेल्या. अशा वेळी बरेच जण नवा टायर टाकतात किंवा सरळ अलाइनमेंट करून घेतात. कारण दुसरंच असेल तर दोन्ही खर्च वाया जातात आणि नवा टायरही तसाच झिजतो.

टायर कुठे आणि कसा झिजला, यावरूनच बिघाड कळतो. त्यासाठी मशीन लागत नाही, दहा मिनिटं आणि काडेपेटीची एक काडी पुरते.

झीज कशी मोजायची?

काडी नक्षीच्या खाचेत उभी घाला आणि जिथपर्यंत आत गेली तिथे नखाने खूण करा. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजा. मग चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा. चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. खाचेत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला समजा. सगळीकडे नक्षी असली तरी एकच कड तिथपर्यंत आली असेल, तरी टायर बदलावाच लागतो.

कोणती झीज काय सांगते?

- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला : हवा कमी आहे किंवा हवेच्या मानाने माल जास्त आहे. टायर मधून दबतो आणि सगळं वजन कडांवर येतं.
- मधला भाग झिजला, कडा चांगल्या : हवा जास्त आहे. टायर मधून फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला घासतो.
- एकच कड झिजली : अलाइनमेंट बिघडलंय किंवा पुढचे सांधे ढिले झालेत.
- हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने टोचतं : चाक सरळ न धावता तिरकं घासत जातंय. याला मेकॅनिक 'टो' बिघडला म्हणतात.
- जागोजागी खोलगट चट्टे : शॉकअप गेलेत, बेअरिंग ढिलं आहे किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. अनेकदा स्टिअरिंगही थरथरतं.

तीन मिलिमीटरने काय होतं?

पुढची दोन्ही चाकं वरून पाहिली तर जवळपास समांतर हवीत. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरात गरजेपेक्षा ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर तो डोळ्यांना दिसत नाही. पण साधारण ६०० मिलिमीटर व्यासाचं चाक अशा वेळी प्रत्येक किलोमीटरला जवळपास अडीच मीटर आडवं घासलं जातं. १०० किलोमीटरच्या फेरीत हे अंतर २५० मीटर होतं. टायर 'खातो' म्हणतात तो असा. एखादा मोठा खड्डा किंवा बांधावरून उतरताना बसलेला दणका एवढ्याला पुरेसा असतो.

चाक वरून आत किंवा बाहेर कललं असेल, तर त्याला 'कॅम्बर' म्हणतात. त्यामुळेही एकच कड झिजते. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये कॅम्बर बदलायची सोयच नसते. तिथे वाकलेला किंवा झिजलेला पार्ट बदलावा लागतो, नुसत्या मशीनने काम होत नाही.

आधी हवा, मग सांधे, शेवटी अलाइनमेंट

हवा सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही.

नंतर सपाट जागी गाडी उभी करा, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट जाणवली, तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन पाहायला हवं. डावी-उजवीकडे धरून हललं, तर टाय रॉड आणि स्टिअरिंगचे सांधे तपासून घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्याच खड्ड्यात चाक पुन्हा सरकतं. म्हणून सांधे घट्ट झाल्यावरच अलाइनमेंट करा आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. बॅलन्सिंग हे वेगळं काम आहे. त्याने थरथर जाते, पण एका कडेची झीज थांबत नाही.

मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवाही मोजा. आतला टायर बसला की त्याचं वजन बाहेरच्यावर पडतं आणि तो तापतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही टो असतो. त्याचं माप पुस्तिकेत दिलेलं असतं.

उन्हाळ्यात जास्त सांभाळा

तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की कारच्या टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. हिवाळ्यातली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार यांत सहा पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे ऋतू बदलला की हवा नव्याने तपासायला हवी. पण वाटेत तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. टायर थंड झाला की ती कमी पडते.

खरा धोका कमी हवेचाच आहे. मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, आतून तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. वर केळीचा माल, खाली तापलेलं डांबर आणि पुढच्या चाकाची एक कड आधीच झिजलेली, अशा गाडीचा पुढचा टायर वेगात फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. तारा दिसणाऱ्या टायरवर 'एवढी एक फेरी' मारणंही टाळा.

टायर पुढचे मागे केले तर झीज सारखी वाटली जाते, पण ते मूळ दोष काढल्यानंतरच करावं. नाहीतर चांगला टायरही त्याच जागी जाऊन झिजतो. माल भरायच्या दिवशी सकाळी हवा आणि आठवड्यातून एकदा काडीने नक्षी तपासण्याची सवय लावली, तर नव्या जोडीचा खर्च वाचतो आणि गाडीतला माणूसही सुखरूप घरी येतो.