घाटाचं गणित

कर्नाटकाच्या सीईटीत भौतिकशास्त्राचा पेपर ८० मिनिटांचा आणि प्रश्न ६०. म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. वाचणं, आकृती, आकडेमोड आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करणं, सगळं त्यातच. जोयडा तालुक्यातल्या रामनगरला बहिणीच्या ओसरीवर माझी भाची या ८० सेकंदांची तालीम करते, आणि मी तिकडे गेलो की शेजारी बसून बघतो. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत होती. आता दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, पुस्तक इंग्रजी, सर समजावतात कन्नडमधून, आणि गणित अडलं की ती पुटपुटते कोकणी-मराठीत.

भिंतीवर क्लासमधून मिळालेली ‘महत्त्वाचे टॉपिक’ अशी यादी चिकटवलेली आहे. विद्युत, चुंबकत्व, प्रकाश, अणू, सेमीकंडक्टर. बारावीचे १४ धडे वर, अकरावीचे १४ खाली, बारीक अक्षरात. सगळी मुलं याच क्रमाने जातात, कारण अकरावी ‘झालेली’ असते. मला हा क्रम उलटा वाटतो. बल, कार्य, ऊर्जा आणि सदिश पक्के नसतील, तर विद्युतक्षेत्राचा धडा नुसती सूत्रांची पाठांतरमाला होतो. शिवाय यादीवर डोळे मिटून विसंबू नये. २०२४ च्या सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले म्हणून मोठी ओरड झाली आणि एकूण ५० प्रश्न गुणांच्या हिशेबातून काढावे लागले. त्यांत भौतिकशास्त्राचे ९ होते. तेव्हा आधी त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम, मग यादी.

म्हणून तिला मी घाटातल्या गाडीचं गणित घातलं. कॅसलरॉक याच तालुक्यातलं. तिथून कुळेपर्यंत रेल्वे ब्रागांझा घाट उतरते, आणि त्या मार्गाचा सर्वांत खडा चढ ३७ ला १ असा आहे. समजा, १,००० टनांची मालगाडी कुळ्याकडून वर येतेय. नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती जोर लागेल?

तिने आधी कोन शोधायला घेतला. ते पाहण्यासारखं होतं. पेन्सिल चावत तिने टॅन लिहिलं, मग खोडून साइन लिहिलं, मग ३७ हे रुळावरचं अंतर की सपाटीवरचं, यावर अडून बसली. ८० सेकंद तिथेच संपले. मी म्हटलं, दोन्ही करून बघ. कोन दीड अंशाच्या आसपास येतो आणि दोन्ही उत्तरांत दहा हजारांत चारच्या जवळपास फरक पडतो. मग वजन सरळ ३७ ने भागलं: सुमारे २,६५,००० न्यूटन, म्हणजे जणू २७ टनांचं ओझं सरळ उचलायचं. कशाकडे दुर्लक्ष करायचं हे ज्याला कळलं, त्याला वेळ पुरतो. क्लासच्या यादीत हा टॉपिक नसतो.

“मामा, मग मागे इंजिन कशाला लावतात? दोन्ही पुढेच लावली तर?”

हा प्रश्न परीक्षेत ‘दोरीने जोडलेले ठोकळे’ म्हणून येतो. दोन्ही इंजिनं पुढे असली, तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळ्या गाडीचा ताण येतो. त्यातलं एक मागून ढकलू लागलं, तर तो ताण निम्म्यावर येतो आणि मधे कुठेतरी असं एक कपलिंग असतं की तिथे ताण जवळजवळ शून्य. तिने डबे आखून प्रत्येक जोडावर बाण काढले आणि शून्याची जागा स्वतः शोधली. मग उतार. उंचीतला फरक ढोबळ ५०० मीटर धरला, तर तेवढीच गाडी खाली येताना ५ अब्ज जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ब्रेक ती उष्णतेत बदलतात. तिने विशिष्ट उष्णतेचं सूत्र लावलं: ३० अंशांचं १७ टन पाणी उकळीला येईल एवढी. उष्णतेचा धडा तिने त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून उघडला.

सुप्याचं धरण आमच्या घरात वेगळ्या अर्थाने आहे. जुनं सुपा गाव काळी नदीवरच्या या १०१ मीटर उंचीच्या धरणात गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, विस्थापित रामनगरला आले. भाचीने विचारलं, आपल्या घरावर ८० मीटर पाणी असेल तर दाब किती? घनता गुणिले जी गुणिले खोली, वातावरणाच्या जवळजवळ आठपट, वरच्या हवेचा वेगळा. जलाशय किती पसरलाय याचा इथे काही संबंध नाही. परीक्षक हमखास तिथेच फसवतो. आजोबा आतून म्हणाले, “घरच उरलं नाही, तर दाब कोणावर?” उत्तर बरोबर होतं, पण पर्यायांत नव्हतं.

धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तारांचं गणित तिला आवडलं. तेच १०० मेगावॅट ११ ऐवजी २२० किलोव्होल्टवर पाठवले, तर प्रवाह २० पट कमी आणि तारेतली नासाडी ४०० पट कमी. ट्रान्सफॉर्मरचा धडा एवढ्यात उरकला. पाऊस झोडपायला लागला की घरातली वीज तरीही जाते, ते खांबांचं दुखणं, पुस्तकाबाहेरचं.

नदीच्या खालच्या अंगाला, कारवार तालुक्यात, कैगाच्या २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली होती. अणुकेंद्राचा धडा छोटा असतो आणि त्यात गुण स्वस्तात मिळतात: एका विखंडनाचे सुमारे २०० एमईव्ही लक्षात ठेवले, की एका वॉटसाठी सेकंदाला सुमारे ३१ अब्ज विखंडनं लागतात हे दोन ओळींत निघतं.

ती नीटलाही बसणार आहे. तिथे भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला उणे १. सीईटीत रिकामं सोडणं मूर्खपणा, नीटमध्ये अंदाजाने भरणं महाग. ही दोन मनं एकाच मुलीने आलटून पालटून वापरायची, हे मला धड्यांपेक्षा अवघड वाटतं.

आरसे आणि भिंगं यांना मात्र घाट, धरण काही उपयोगी पडत नाही. धन-ऋण चिन्हांचा संकेत हात बसेपर्यंत गिरवावाच लागतो, आणि तिथे तिचा अजून घोळ होतो. लोंढ्याच्या मैत्रिणीला प्रकाश येतो, पण विद्युतमंडलं जमत नाहीत. रविवारी ती येणार आहे: सकाळी किरणाकृती, दुपारी किरचॉफ.