दोन सिटांची हौस

दिवाळीला भाचा बेंगळूरहून आला तो मोबाइलमध्ये एका लाल गाडीचे फोटो घेऊनच. बुटकी, बसकी, दोनच सिटा. "मामा, सॅन स्टॉर्म! म्हापशाला आहे. मालक विकतोय." स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "आधी फ्लॅटचे हप्ते फेड म्हणावं!"

ही गाडी अनेकांना आठवणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळूरच्या सॅन मोटर्सने गोव्यात ती बनवायला घेतली. रेनोचे ११४९ सीसीचे पेट्रोल इंजिन, साधारण ६० अश्वशक्तीचे, आणि अंग फायबरग्लासचे. जोर म्हणाल तर आजच्या साध्या घरगुती गाडीपेक्षाही कमी. पण उघड्या छताची, आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली गाडी म्हटल्यावर पोराचे डोळे चमकले. खोटे कशाला बोलू, माझेही चमकले.

शनिवारी सकाळी चोर्ला घाटाने निघालो. सोबत उद्यमबागेतला आमचा नेहमीचा मेस्त्री. जुनी गाडी बघायला जाताना आपला मेस्त्री बरोबर न्यावा, त्याची दिवसाची मजुरी द्यावी. या सगळ्या व्यवहारात त्याहून स्वस्त काही नाही. मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगितले होते, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. तापलेले इंजिन बरेच दोष लपवते. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर येतच राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर पाणी आत शिरते आहे, तिथूनच परत फिरावे.

मेस्त्रीने मात्र बॉनेटला हातही लावला नाही. आधी आरसी मागितले. "गाडी ब्यारे, कागद ब्यारेरी," तो म्हणाला. आपल्याकडच्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको.

आरसीची पंधरा वर्षांची मुदत कधीच संपली होती आणि नूतनीकरण केलेलेच नव्हते. हे काम आता स्वस्त राहिलेले नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. शिवाय गाडी तपासणीत पास व्हायला हवी. खरे तर आम्ही घरी बसूनच एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर घालून मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा पाहायला हवा होता. लाल रंग बघून ते राहून गेले.

मग मेस्त्री बॅटरी घेऊन वाकला आणि इंजिनावरचा नंबर वाचून दाखवला. आरसीवरचा नंबर वेगळाच. रेनोचे सुटे भाग मिळेनात म्हणून कोणीतरी दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवले होते, आणि त्याची नोंद आरटीओकडे नव्हती. अशी गाडी नावावर होत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडत बसावे लागते ते वेगळेच.

तरी आलोच आहोत म्हणून मेस्त्रीने गाडी खालून दाखवली. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याच्या आतली लोखंडी चौकट गंजते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते. वरून रंग चकचकीत, खाली स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. पत्र्याच्या अंगाची गाडी असेल तर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. या गाडीचे टायर तेवढेच जुने होते. नक्षी शाबूत, रबर मात्र लाकडासारखे कडक.

रबराचा आणखी एक मुद्दा आता नव्याने आला आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळूरहून सुरू झाले आणि आता पंपावर बहुधा तेच मिळते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सीलं या पेट्रोलसाठी केलेली नाहीत. जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात त्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि टायमिंग बेल्ट बदलून घ्यावा, "आत्ताच बदललाय" असे मालक म्हणाला तरी. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वयानेही झिजतो, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून गाडीच्या किमतीइतकीच नाही तरी तिच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय या फंदात पडू नये, असे माझे मत आहे.

सीमाभागातल्या आपल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोयरीक कोल्हापूर, सांगली, गोव्याकडे, त्यामुळे गाडीही तिकडचीच मिळते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज फिटले असेल तर ३५, आणि वर इथला आजीवन कर. मी २०१२ साली एमएच-०९ ची गाडी नात्यातून घेतली आणि "घरचाच व्यवहार आहे" म्हणत एनओसीचे काम दीड वर्ष लांबवले. शेवटी कर दंडासह भरला, आणि पाहुण्यांशी बोलणे काही महिने बंद राहिले. दंड फिटला, पण ते बोलणे पूर्वीसारखे झाले नाही. पैसे देण्याआधी एनओसी हातात घ्यावी, नात्यात तर नक्कीच.

परतताना घाटात भाचा गप्प होता. मेस्त्रीने मग त्याची समजूत काढली. हौसच असेल तर दुसऱ्या पिढीतली नको, पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक बघ. १४९३ सीसी, १०६ अश्वशक्ती, आणि दुरुस्त करणारी माणसे गावोगाव. सचिन तेंडुलकरने जाहिरात केलेली पालिओ, १.६ लिटरची, चालवायला तिच्याहून मजेची. पण फियाटची नवी गाडी आता इथे विकली जात नाही, तेव्हा सुटे भाग कुठून आणणार ते आधी ठरव. छत उघडत नाही एवढेच, बाकी घाटात दोन्ही गाड्या हसत चढतात.

घरी पोचलो तेव्हा ताई दारातच उभी. "घेतली?"

"नाही गं."

तिने देवासमोर साखर ठेवली.

परवा भाच्याने बेंगळूरहून धारवाडच्या एका व्हीटेकचे आठ फोटो पाठवले. मी ते मेस्त्रीला दाखवले. त्याने एकेक नीट बघितला, मग मोबाइल परत दिला. "आरसीदु फोटो यल्लदरी, सर?"